विवेकवादाची परिषद आणि अकरा विवेकानंद

वाचकाचं पत्र

मॅडम, मी खानदेशात तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो. आम्ही पाच-सहा जणांनी विवेकवादावर दोन दिवसांची परिषद घ्यायचं ठरवलं आहे. गेल्या महिन्यात आवाहन काढलं : "विवेकवाद : स्वरूप, व्याप्ती आणि आजची गरज या विषयावर शोधनिबंधांचे सारांश पाठवावेत." 63 सारांश आले. त्यांतले अकरा स्वामी विवेकानंदांवर आहेत, सात गीता आणि व्यवस्थापनावर. तीन जणांचा मजकूर शब्दशः एकच आहे. बाकीचे वाचून पोटात काही उरत नाही. सगळ्यांना समाजात विवेक वाढायला हवा आहे. एका ज्योतिषानेही प्रस्ताव पाठवलाय आणि त्यावरून समितीत भांडण लागलंय. आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ वक्त्यांनी फोनवर सुनावलं, "मला सारांश मागता? तुमच्या जन्माआधीपासून बोलतोय मी!" पुन्हा आवाहन काढावं का, आणि काढलं तर कसं?
– एक हैराण संयोजक

उत्तर

प्रिय संयोजक,

अकरा विवेकानंद वाचून माझा चहा बशीत सांडला. पण त्या अकरा जणांना नावं ठेवू नका. चूक तुमच्या आवाहनाची आहे. 'विवेकवाद' हा शब्द मराठीत एकाच वेळी तीन घरी जेवतो, आणि तुम्ही कुठल्या घराचं आमंत्रण देताय हे पत्रिकेवर लिहिलंच नाहीत.

पहिलं घर वेदान्ताचं. नित्य काय आणि अनित्य काय हे निवडून काढायचं, तो विवेक. साधकाच्या चार साधनांत तो पहिला येतो आणि त्याच्या मागोमाग वैराग्य येतं. तुमच्या खानदेशात तर या घराचा दबदबा मोठा. अमळनेरला प्रतापशेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, तिथे मुख्य अभ्यास अद्वैताचा. साने गुरुजी तिथे विद्यार्थी होते, बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे होते. अशा मुलखात 'तत्त्वज्ञान' आणि 'विवेक' हे शब्द शेजारी शेजारी छापले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भगवं काहीतरी येणारच.

दुसरं घर सतराव्या शतकातल्या युरोपातलं : देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ. खरं ज्ञान इंद्रियांकडून येत नाही, बुद्धीतून येतं, असं मानणारे हे लोक. आपल्या बी.ए.च्या वर्गात त्यांना कुणी बुद्धिवादी म्हणतं, कुणी विवेकवादी. त्यांच्यासमोर लॉक, बर्कली आणि ह्यूम अनुभववादी, म्हणजे ज्ञान इंद्रियांच्या अनुभवातून येतं असं मानणारे, म्हणून उभे करायचे आणि परीक्षेत दहा मार्कांचा फरक विचारायचा.

तिसरं घर आपलं, आगरकरांचं. 1888 साली 'सुधारक' साप्ताहिक निघालं तिथपासून 1990 साली दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून सुरू केलेल्या 'आजचा सुधारक'पर्यंत, आणि दुसऱ्या अंगाने 1989 पासूनच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीपर्यंत. इथे विवेक म्हणजे कुणाच्याही शब्दावर, मग तो ग्रंथ असो की बाबा की पुढारी, डोळे मिटून विश्वास न ठेवणं.

गंमत पाहा. गावात चमत्कार करणाऱ्यासमोर उभा राहून "पुरावा दाखव" म्हणणारा कार्यकर्ता स्वतःला विवेकवादी म्हणवतो. पण दुसऱ्या घराच्या भाषेत बोलायचं तर तो पक्का अनुभववादी आहे! प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मान्य न करणारा माणूस देकार्तच्या पंगतीत कसा बसणार? ही गल्लत माझ्याही वर्गात वर्षानुवर्षं चालू होती. एका मुलीने विचारलं तेव्हा माझी बोबडी वळली. तुमच्या परिषदेत एक सत्र नुसतं या गल्लतीवर लावलंत तरी पैसे वसूल होतील.

तर आधी घर ठरवा. पत्राच्या सुरावरून तुम्हाला तिसरं हवंय असं दिसतं. मग पहिल्याच वाक्यात तसं लिहा, आणि बाकीची दोन घरं या वेळी नाहीत हेही लिहा. कुणाला वाईट वाटत नाही. फुकट सारांश लिहून पाठवल्यावर जास्त वाईट वाटतं.

आता मुख्य दुखणं. 'स्वरूप, व्याप्ती आणि आजची गरज' हा विषय आहे, प्रश्न नाही. विषय दिला की माणसं त्यावर निबंध लिहितात. नाकारता येईल असं काहीतरी त्यांनी म्हणावं, असं वाटत असेल तर प्रश्न द्यावा लागतो.

अठराव्या शतकात युरोपातल्या अकादम्या हे नेमकं जाणत होत्या. त्या विषय जाहीर करत नसत, प्रश्न जाहीर करत, आणि उत्तराला बक्षीस ठेवत. बर्लिनच्या अकादमीने 1761 साली विचारलं : भूमितीतली सत्यं जितक्या खात्रीने सिद्ध होतात तितक्या खात्रीने तत्त्वमीमांसेतली, म्हणजे ईश्वर, आत्मा असल्या मूळ गोष्टींबद्दलची, सत्यं सिद्ध होऊ शकतात का? बघा, या प्रश्नावर गोल गोल बोलताच येत नाही. हो म्हणा, नाही म्हणा, किंवा कुठवर हो आणि कुठून नाही ते सांगा. निबंधावर नाव घालायचं नाही, एक बोधवचन घालायचं. नाव वेगळ्या बंद पाकिटात आणि त्या पाकिटावर तेच बोधवचन, असा या स्पर्धांचा रिवाज होता. 1763 मध्ये निकाल लागला. पहिला आला मोझेस मेंडेल्सझोन : विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, रेशमाच्या कारखान्यात नोकरी करणारा ज्यू माणूस. दुसऱ्या क्रमांकाचा निबंध होता क्योनिग्सबर्गच्या एका बिनपगारी अध्यापकाचा. त्याचं नाव इमान्युएल कांट, पुढे जगभर गाजलेला तत्त्वज्ञ.

हे पाकीट मला फार आवडतं, कारण ते आम्हीही एकदा करून पाहिलं होतं आणि माती खाल्ली होती. मी नोकरीत असतानाची गोष्ट, कॉलेजचं नाव सांगत नाही. आम्ही तिघांनी माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर सारांश पसरले. नावांच्या जागी शिपाईकाकांनी आकडे टाकून दिले होते. बारा नंबरचा सारांश आम्हा तिघांनाही पहिला वाटला. शेवटून दुसरा आला एकवीस नंबरचा. यादी उघडली तर बारा नंबर म्हणजे दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, आणि एकवीस नंबर म्हणजे आमच्याच संस्थेतले एक बडे गृहस्थ. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. बड्या गृहस्थांच्या नावापुढे 'निमंत्रित' असा शब्द आला आणि त्यांना सकाळचं सत्र मिळालं. मुलीला मिळाली दुपारच्या जेवणानंतरची सात मिनिटं, त्यातही माईक खरखरत होता. मी समितीत होते, मी काही बोलले नाही. आता तुमच्यापुढे बोलतेय, इतकंच.

म्हणून तुमच्या त्या ज्येष्ठ वक्त्यांबद्दल. त्यांना दुखवू नका, पण दाराआडून आतही घेऊ नका. आवाहनातच लिहा : दोन व्याख्यानं निमंत्रित असतील, ती कुणाची हे जाहीर असेल, उरलेल्या सगळ्या जागा एकाच दाराने भरल्या जातील. ते तुम्हाला खरोखर हवे असतील तर त्या दोनांत घ्या, घरी जाऊन निमंत्रण द्या, मानधन आणि प्रवासखर्चाचं आधीच बोला. नको असतील तर फोनवर एवढंच म्हणा, "सर, यंदा सगळ्यांनाच मागतोय." पुढे काही बोलू नका. चाळीस वर्षांच्या अनुभवाला तुम्ही युक्तिवादाने हरवू शकणार नाही, आणि हरवायचंही नाहीये.

सारांशात काय मागायचं? इथे बर्लिनला जायची गरज नाही, आपल्या न्यायशास्त्राकडे, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राकडे, अडीचशे शब्दांत मावणारा साचा तयार आहे. अनुमानाचे पाच अवयव : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून इथे आग आहे. आपण हे पाठ करतो आणि विसरतो. सारांश पाठवणाऱ्याला सांगा, पाच वाक्यांत हे पाच अवयव द्या. आणि सहावं, माझ्या मते सगळ्यात मोलाचं : पूर्वपक्ष. तुमच्या म्हणण्यावर शहाणा विरोधक काय आक्षेप घेईल, ते त्याला पटेल अशा शब्दांत लिहा.

नमुना देते, म्हणजे हवेत राहणार नाही. समजा कुणी असं पाठवलं :

"अंधश्रद्धेविरुद्ध बोलताना विवेकवाद्याने संतवचनांचा आधार घेऊ नये. कारण त्या क्षणी श्रोत्याला पटवतो तो युक्तिवाद नसतो, संताचा अधिकार असतो. जिथे अधिकारावर मत बसतं तिथे दुसरा अधिकारी आला की ते उठतं. आमच्या गावात ज्या अभंगाने बुवाबाजीविरुद्ध सभा सुरू झाली, तोच अभंग पुढच्या महिन्यात एका बुवाने आपल्या मंडपात लावला. आपल्या सभांतही बहुधा हेच घडतं. म्हणून संतवचनांनी मिळवलेली संमती विवेकवाद्याने आपली कमाई धरू नये. पूर्वपक्ष : गाडगेबाबा कीर्तनातच उभे राहून लोकांना प्रश्न विचारत, लोक स्वतःच उत्तर देत आणि स्वतःच्याच उत्तरात अडकत. तिथे अधिकार कुठे होता? भाषा लोकांची होती, विचारही लोकांचाच."

हे वाचून तुम्हाला लगेच भांडावंसं वाटलं ना? मला तर पूर्वपक्षच जास्त पटतोय. म्हणजे सारांश चांगला आहे. आता शेजारी तुमच्याकडे आलेला कुठलाही ठेवून बघा : "आजच्या धकाधकीच्या युगात विवेकवादाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." याच्याशी भांडायला माणूस कुठून आणायचा?

त्या तीन एकसारख्या सारांशांवरही यातच औषध आहे. मजकूर एकमेकांचा उचलला असेल किंवा यंत्राकडून लिहून घेतला असेल, शोधत बसू नका. उदाहरण मात्र स्वतः पाहिलेलं, स्वतःच्या गावातलं, घरातलं किंवा वर्गातलं मागा. अभंगाचा मंडप ज्याने पाहिलाय त्यालाच तो लिहिता येतो, आणि खोटा असेल तर प्रश्नोत्तरांत दोन मिनिटांत उघडा पडतो.

ज्योतिषाचं प्रकरण तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समितीतला एक गट म्हणत असेल, विवेकवादाच्या परिषदेत ज्योतिषी म्हणजे शाकाहाऱ्यांच्या पंगतीत बोंबील. दुसरा म्हणत असेल, विचारस्वातंत्र्य आहे, येऊ द्या. माझ्या मते दोघांचंही चुकतंय. ज्योतिषी आहे म्हणून नाकारू नका, आणि ज्योतिषी आहे म्हणून घेऊही नका. सगळ्यांना जी अट तीच त्याला : प्रतिज्ञा काय, हेतू काय, आणि काय दिसलं तर तुम्ही हे मत सोडाल?

हे महाराष्ट्रात एकदा फार नीट झालंय. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली; सहकाऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. पत्रिकेवरून मूल कोणत्या गटातलं ते ओळखा, असं ज्योतिषांना आवाहन केलं. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून आली असती त्याहून किंचित कमीच. मला यातला निकाल तितका मोठा वाटत नाही. आवाहन मोठं वाटतं. ज्योतिषांची टिंगल केली नाही, त्यांना बोलावलं. पण काय केलं की बरोबर आणि काय झालं की चूक हे आधी ठरवून बोलावलं.

आणि विरोधकाचा प्रश्न कधी कधी आपल्यापेक्षा चांगला असतो. 1783 साली बर्लिनमध्ये झ्योल्नर नावाच्या एका पाद्र्याने लेख लिहिला, लग्नातून धर्मगुरूला वगळू नये असं सांगणारा. म्हणजे या वादात तरी हे गृहस्थ सनातनी बाजूचे. त्या लेखाच्या तळटीपेत त्यांनी वैतागून विचारलं, प्रबोधन प्रबोधन म्हणतात ते आहे तरी काय? दुसऱ्या वर्षी त्या तळटीपेला आधी मेंडेल्सझोनने आणि मग कांटने उत्तर दिलं. पहिल्या-दुसऱ्या नंबरची तीच जोडी! कांटचं उत्तर आजही वर्गावर्गात शिकवतात. झ्योल्नरला पहिल्याच फेरीत बाद केलं असतं तर काय राहिलं असतं? तेव्हा तुमच्या ज्योतिषाला सहा ओळींचा साचा पाठवा. तो भरून आला तर बोलवा आणि समोर चांगला आक्षेपक बसवा. भरून नाही आला तर प्रश्नच मिटला, आणि समितीतलं भांडणही.

प्रश्न कोणता द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मला विचाराल तर ह्यूमने कुरतडलेला एक अजून जिवंत आहे : बुद्धी फक्त साधन सांगते की ध्येयही ठरवू शकते? काय केलं की पाऊस मोजता येतो हे बुद्धी सांगेल. शेतकऱ्याला वाचवलं पाहिजे हे बुद्धी सांगते का, की ते आपल्याला आधीच वाटत असतं? आपल्या विवेकवादी चळवळीला हा प्रश्न टोचतो, म्हणूनच विचारावा. त्यावरून आवाहनाचा कच्चा मसुदा असा करून पाहिलाय, हवा तसा मोडा :

"आगरकरांपासून महाराष्ट्रात जो बुद्धिप्रामाण्याचा विचार चालत आला, त्याबद्दल ही परिषद आहे. वेदान्तातला विवेक आणि युरोपातला सतराव्या शतकातला बुद्धिवाद हे विषय या वेळी नाहीत. आमचा प्रश्न एकच : माणसाने काय करावं हे बुद्धी ठरवू शकते का, की कसं करावं एवढंच? उत्तर कोणत्याही बाजूचं चालेल. अडीचशे शब्दांत तुमचं म्हणणं, त्याचं कारण, स्वतः पाहिलेलं एक उदाहरण, तुमच्या म्हणण्याशी ते कसं जुळतं, निष्कर्ष आणि तुमच्यावरचा सर्वांत जड आक्षेप लिहा. नाव, पद, पदवी वेगळ्या कागदावर. निवड करणाऱ्यांना नावं कळणार नाहीत. जागा चौदा. प्रत्येकी वीस मिनिटं बोलणं, दहा मिनिटं प्रश्न. विद्यार्थी, शेतकरी, वकील, गृहिणी, कुणीही पाठवावं. निवड न झालेल्यांनाही दोन ओळींत कारण कळवू."

चौदा कसे, तर उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत पहिल्या दिवशीचे बारा वाजतात, हे धरून चाला. ('दीपप्रज्वलन विवेकवाद्यांनी करावं का' हाही एक सारांश होऊ शकतो, असो.) त्यानंतर पहिल्या दिवशी साडेपाचपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी चारपर्यंत, जेवण आणि चहा वजा जाता नऊ तास हातात राहतात. त्यांतले दोन निमंत्रितांना आणि खुल्या चर्चेला सोडा. उरले सात तास, अर्ध्या तासाचे चौदा. तीस जणांना प्रत्येकी सात मिनिटं देऊन सगळ्यांना खूश करायचा मोह होईल. माझी ती मुलगी आठवा.

शेवटच्या ओळीतलं कारण कळवण्याचं काम जिकिरीचं आहे, पण तेच करा. "आपला सारांश दर्जेदार असूनही जागेअभावी" हे खोटं लिहू नका. "तुमचं म्हणणं कळलं, कारण कळलं नाही" एवढं लिहिलं तरी माणूस पुढच्या वेळी कारण घेऊन येतो.

मुदत सहा आठवड्यांची ठेवा. परिषद 20 ऑगस्टच्या आसपास घेऊ नका. दाभोलकरांच्या स्मृतिदिनाला तुमचे निम्मे वक्ते आपापल्या गावच्या कार्यक्रमांत असतील. प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या सत्रानंतर वाटा, आधी नको. का ते तुम्ही प्राध्यापक आहात, तुम्हाला सांगायला नको.

राहिले ते 63. त्यांना तसंच सोडू नका. सगळ्यांना एकच पत्र जाऊ द्या : आमच्या आवाहनात गल्लत होती, ती आमची, नवं सोबत जोडलंय, पुन्हा पाठवा. विवेकानंदांवाल्या अकरांतला एखादा, मला खात्री आहे, बुद्धी आणि ध्येय या प्रश्नावर काहीतरी चोख लिहील. आणि आकडे टाकायचं काम समितीतल्या कुणाकडे देऊ नका. ग्रंथपालांकडे द्या, आणि यादी त्यांच्याच कपाटात कुलपात राहू द्या. ती उघडल्यावर शेवटून दुसरं नाव तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं निघालं, तर काही करायच्या आधी मला फोन करा.